ताप आणणारी बाई

बाकीच्या सिस्टर ताप उतरवायच्या. मी चढवायची. बेंगळुरूच्या एका मोठ्या रुग्णालयात, लिव्हरच्या विभागात, मी बरीच वर्षं इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली. शुक्रवारी दुपारी माझ्या खोलीसमोरच्या बाकांवर चांगली हिंडतीफिरती माणसं येऊन बसायची. मी एकेकाला आत बोलावून पोटाच्या कातडीखाली सुई टोचायची, आणि संध्याकाळी ती सगळी आपापल्या घरी रजईखाली कुडकुडत पडलेली असायची. हे मी पगार घेऊन करायची. शुक्रवारच का, तर शनिवार-रविवार तापात काढून सोमवारी माणसाला कामावर जाता यावं. आमच्या शहरात आजारपणालाही सुट्टी बघून यावं लागतं.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक म्हणजे पुण्याहून आलेली आयटीतली एक गोड मुलगी. ती म्हणाली, "आजी, तुमच्या जॉबविषयी लिहा, पण प्लीज काहीतरी पॉझिटिव्ह." मी लगेच हो म्हटलं. नर्सला खोटं बोलायची सवय असतेच. "मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस" हे वाक्य मी जन्मभर म्हणत आले, आणि अशी मुंगी मी अजून पाहिलेली नाही.

पन्नाशीला टेकलेलं माणूस शहाणं असतं असा ज्यांचा समज आहे, त्यांनी मला त्या काळात पाहिलेलं नाही. मी खोलीची इंचार्ज. अंगावर कडक इस्त्रीची रंगीत साडी, वर पांढरा कोट, कोटाच्या खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालायचं नाही, पण आमचे डॉक्टर दोन लावायचे म्हणून मीही दोन. मूळची मी निपाणीची. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि इंटरफेरॉनच्या खोलीत इंग्रजी. पेशंट धारवाडचा असो की मल्लेश्वरमचा, मी त्याला आधी इंग्रजीत घाबरवायची आणि मग त्याच्या भाषेत धीर द्यायची. प्रत्येक नव्या माणसाला माझं भाषण ऐकावं लागे. भाषण झाल्यावर लोक एकच प्रश्न विचारत, "सिस्टर, गाडी पार्किंगमधून काढून येऊ का?"

तेच भाषण मला हल्ली जरा बरं जमतं. गेल्या महिन्यात नातीला व्हायरल ताप आला. जे. पी. नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती सोफ्यावर मुटकुळं करून पडली होती. मला म्हणाली, "आजी, व्हायरस घशात आहे ना? मग तो माझे पाय का दुखवतो?"

"तो नाही दुखवत. तुझं तूच दुखवतेस."

"मी?"

मग तिला सांगितलं ते इथंही सांगते. विषाणूला स्वतःची चूल नसते. तो गल्लीतल्या एका घरात शिरतो, त्या घरच्या चुलीवर, त्या घरच्या पिठाच्या आपल्यासारख्याच भाकऱ्या थापतो, आणि घर फोडून बाहेर पडून पुढच्या घरांकडे वळतो. पहिलं घर बहुधा वाचत नाही. पण त्या घरातलं माणूस मरायच्या आधी ओरडतं. त्या ओरडण्याचं नाव इंटरफेरॉन. ते एक प्रथिन आहे, आपलं शरीरच बनवतं. आरोळी ऐकली की शेजारची घरं दारं लावून घेतात, चुली विझवतात, पीठ लपवतात. चोर आला तरी त्याला रांधायला काही मिळत नाही. शिवाय आरोळी लांबच्या चौकीपर्यंत पोचते आणि तिथले शिपाई काठ्या घेऊन निघतात. पण चुली विझल्या म्हणजे घरच्यांचंही जेवण थांबलं. अंग मोडून येतं, भूक जाते, कुणाशी बोलू नये, कोपऱ्यात पडून राहावं असं वाटतं, ते यामुळे. विषाणूपेक्षा आपल्याच आरोळीनं आपण जास्त आजारी पडतो.

नात म्हणाली, "मग ओरडू नये."

"न ओरडणारी घरं फार वाईट मरतात गं," मी म्हटलं, आणि सून स्वयंपाकघरातून "आई!" म्हणून ओरडली. तिच्या मते मी लहान मुलांशी बोलायला लायक नाही.

आता आमच्या खोलीचं काम समजेल. सी प्रकारच्या काविळीचा विषाणू मोठा लबाड. तो घरात शिरल्या शिरल्या घरच्या माणसाच्या तोंडावर हात ठेवतो. आरोळी निघत नाही, शेजार बेसावध राहतो, आणि तो वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये चुपचाप रांधत बसतो. म्हणून आम्ही आरोळी बाहेरून पुरवायचो. कारखान्यात बनवलेलं इंटरफेरॉन, आठवड्यातून एकदा, सोबत रोजच्या गोळ्या. काही जणांना सहा महिने, काहींना जवळजवळ वर्षभर. सर्दीतापात ती आरोळी चार दिवस चालते. आमच्या पेशंटच्या गल्लीत ती वर्षभर चालायची. वर्षभर दारं बंद, चुली थंड. ताप पुढंपुढं कमी होई, केस विरळ होत, तोंडाची चव जाई, आणि काहींचं मन अंधारून येई. शेवटचं हे त्या भाषणात मी सगळ्यात घाईनं सांगायची. डॉक्टरांच्या इंग्रजी यादीतही ते तळाशीच होतं.

इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं, पण वरच्या बर्फाच्या कप्प्यात नाही. ते गोठलं की मेलं. हलवायचंही नाही, फेस आला की प्रथिन मोडतं. एवढ्या दोन गोष्टी सांगायला मला अर्धा तास लागे, आणि तरी लोक हॉटेलातल्या सोड्यासारखी बाटली हलवून आणत. एकदा एका पेशंटच्या सोवळ्यातल्या आजी मुद्दाम मला भेटायला आल्या. देवाच्या दुधाशेजारी हे ठेवायचं, तर ते कशाचं करतात?

"जंतूंकडून करून घेतात, आजी. अंडं नाही, मटण नाही," मी रुबाबात सांगितलं.

आजींनी विचार केला. "आणि ते जंतू काय खातात?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. "शाकाहारी आहेत," मी ठोकून दिलं. आजींनी फ्रीजमध्ये वेगळा स्टीलचा डबा दिला, आणि त्यांचा नातू खडखडीत बरा झाला. बरे झालेले पुष्कळ होते, हेही लिहायला हवं. त्यांच्याविषयी मी लिहीत नाही, कारण बरी झालेली माणसं परत येत नाहीत. ती आम्हाला विसरतात, आणि विसरावंच.

नामदेवअण्णा परत आले.

हे नाव मी बदललंय. चिकपेटच्या एका साड्यांच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून साड्या उलगडून दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडं आलेलं. त्यांचं मराठी ऐकायचं तर माझ्या पुण्याच्या जावयाला खाली सबटायटल लागतील. खूप वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात त्यांना रक्त चढवलं होतं. रक्तात हा विषाणू शोधायची तपासणी तेव्हा निघालेलीच नव्हती. मेव्हण्याच्या ऑपरेशनला रक्त द्यायला म्हणून गेले आणि त्यांना परत पाठवलं, तेव्हा कळलं. तोवर लिव्हरमध्ये जागोजागी वण धरले होते. डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून सरळ सांगितलं. हा कोर्स शेवटपर्यंत झाला तर विषाणू जायची शक्यता निम्मी. अर्धवट सुटला तर तो बहुधा परत येईल, आणि मग हे लिव्हर काही वर्षांनी थकेल. दुसरं औषध आज जगात नाही. अण्णांना वर्षभराचा कोर्स होता.

अण्णांची बायको सरोजा. घरी बसून साड्यांना फॉल लावायची. बोलणारे ते आणि ऐकणारी ती, अशी वाटणी. पहिल्याच दिवशी मी सुई टोचली तर अण्णा म्हणाले, "अक्का, तुमचा हात लई हगूर आहे." हगूर म्हणजे हलका. "आमच्या दुकानात आला असतात तर जरीची घडी घालायला बसवली असती."

"आणि माझी ही साडी?" मी विचारलं. मी इरकल नेसले होते.

त्यांनी कोटाच्या खाली नुसती नजर टाकली. "पदर खरा. अंग खोटं. विकणाऱ्यानं शपथ घेतली असेल, नाही?"

घेतली होती. मी त्या आठवड्यात त्या दुकानदाराशी जाऊन भांडलेसुद्धा. तेव्हापासून दर शुक्रवारी माझी परीक्षा असे. मी मुद्दाम एखादी अवघड साडी नेसून यायची आणि अण्णा दारातूनच निकाल लावायचे. ही धर्मावरम, ही धर्मावरमची नक्कल, ही नक्कलेची नक्कल. बाकावरचे बाकीचे पेशंटही सामील व्हायचे. कुडकुडायला निघालेली ती माणसं माझ्या साडीवर पैजा लावायची आणि मी बाई रॅम्पवर चालल्यासारखी फाईल घेऊन चकरा मारायची. कमरेच्या घेराचा मी काही विचार करत नसे, त्यामुळे सगळं छान चालायचं.

तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी झाली. विषाणू सापडला नाही. याचा अर्थ तो गेला असं नाही, दबला, एवढंच. पण चिन्ह चांगलं. सरोजानं म्हैसूरपाक आणला. मी अण्णांना म्हटलं, "बघा, ताप सोसलात त्याचं फळ."

त्या काळात आम्ही सगळ्याच असं बोलायचो. खरं म्हणजे ताप किती आला यावरून औषध किती लागलं हे कळत नाही. पण तापानं फणफणलेल्या माणसाला काहीतरी सांगावं लागतं. मग लोकांची अशी समजूत व्हायची की जितका त्रास जास्त तितका गुण जास्त, आणि त्रास सांगणं म्हणजे माघार घेणं. आमच्या बाकांवर हा एक रिवाजच होऊन बसला होता. कुणी रडायचं नाही, कुणी कुरकुरायचं नाही. तक्रार केली की डॉक्टर डोस कमी करतात, हे नव्याला जुना पेशंट कानात सांगायचा. "कसं काय?" म्हटलं की सगळे एका सुरात "बरं आहे." मला वाटे, काय धीराची माणसं माझी! दोन पेनांची बाई बाकाकडे कौतुकानं बघत उभी राहायची.

पावसाळा संपता संपता अण्णा बारीक झाले. ते सगळेच होतात. पण ते दारातून आत येताना जमिनीकडे बघायला लागले. मी ठरलेले प्रश्न विचारायची. झोप? सरोजा म्हणायची, "छान लागते." जेवण? "ऊटा व्यवस्थित." मन? "ते काय, आहे तसंच." तिन्ही प्रश्नांना तिचंच उत्तर. अण्णा शर्ट वर करून बसत, सुई झाली की शर्ट खाली करत.

मला शंका आली, पण शंकेवर डॉक्टर इंजेक्शन थांबवत नाहीत, आणि थांबवूही नये. म्हणून मी जरा खोडी काढली. माझ्या मुलीचा साखरपुडा जवळ आला होता. मी एक साडी पिशवीतून नेली. पॉलिएस्टरची, प्लास्टिकच्या जरीची, रंग असा की बघणाऱ्याला कावीळ व्हावी. ती त्यांच्या मांडीवर पसरून मी म्हटलं, "अण्णा, लेकीच्या साखरपुड्याला घेतली. अस्सल कांजीवरम आहे म्हणाले. चांगली आहे ना?"

मला वाटलं, आता बाकावरची माणसं आत धावत येतील असं काहीतरी ते बोलणार.

त्यांनी साडीवर हात ठेवला. जन्मभर कापडावर फिरलेली ती बोटं तशीच पडून राहिली. "सरी, ठीक आहे, अक्का," ते म्हणाले. "चांगली आहे."

सरोजानं माझ्याकडे बघितलं. तिला ती साडी काय आहे हे कळलं होतं, आणि मी ती का आणली हेही. तिनं मान अगदी थोडी हलवली. नको, अशी.

मी खुर्ची पुढं ओढली. "अण्णा, दुकान कसं चाललंय?"

"माझ्या गादीवर दुसरा माणूस बसवायचं मी मालकांना सांगून ठेवलंय. मुलीच्या फीचंही मेव्हण्याला सांगितलंय. सगळं सांगून झालंय, अक्का." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. गिऱ्हाईक गेल्यावर साड्या घडी घालून ठेवाव्यात तसं ते बोलत होते.

"थोडंच राहिलंय," सरोजा घाईनं म्हणाली. "सिस्टर, द्या ना इंजेक्शन. स्वल्पच आठवडे राहिलेत."

इंजेक्शन ट्रेमध्ये होतं. मी ते उचललं नाही. उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी आधी सरोजाला विचारलं. ती म्हणाली, "थकलेत फक्त." मग अण्णांशी दार लावून बोलले. मग मनाच्या डॉक्टरांना खाली बोलावलं, आणि तेही बराच वेळ आत होते. बाहेर आल्यावर दोघांनी आपसात इंग्रजीत बोलून घेतलं आणि आमचे डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही त्यांना दर आठवड्याला बघता. डोस कमी करून, मनाच्या गोळ्या देऊन पुढं न्यायचं का? तुमचं काय मत?"

आयुष्यभर मला वाटत आलं होतं की डॉक्टरांनी एकदा तरी माझं मत विचारावं. विचारलं ते असं. मी म्हटलं, "सर, हे घरी गेले तर पुढच्या शुक्रवारी येतील की नाही, मला सांगता येत नाही."

त्या दिवशी इंजेक्शन थांबलं. कायमचं. अण्णांना मनाच्या वॉर्डात दाखल केलं.

सरोजानं मला जिन्याजवळ गाठलं. एरवी न बोलणारी ती बाई. "तुम्ही त्यांना आठवड्यातून दहा मिनिटं बघता," ती म्हणाली. "मी सगळा वेळ बघते. मला ठाऊक नव्हतं असं वाटतं तुम्हाला? गच्चीच्या दाराची किल्ली माझ्या कमरेला आहे. घरातली कात्री शेजारणीकडे ठेवलीय, तिच्या घरी बसून फॉल लावते मी. मी झोपत नाही, सिस्टर. दसऱ्यापासून झोपले नाही. विषाणू सापडत नव्हता. मी त्यांना पार नेलं असतं."

"सरोजाक्का, एखाद्या दिवशी तुमचा डोळा लागला असता तर?"

"लागला असता तर तो माझा डोळा. माझा नवरा. तुमचं कोण?"

ती जिना उतरून गेली. मी खोलीत परत आले तर बाकावरची माणसं खाली मान घालून बसली होती. भिंती पातळ होत्या. त्या दिवशी मी पुढच्या प्रत्येकाला मनाचं कसं आहे ते नीट, बसून, घाई न करता विचारलं. प्रत्येकानं सांगितलं, "बरं आहे." एकानंही तक्रार केली नाही. मी कुणाला न विचारता डॉक्टरांकडे जाते, हे आता त्यांना कळलं होतं.

बाहेरून येणारी आरोळी थांबली की गल्ली हळूहळू उठते. चुली पेटतात, माणसं ओट्यावर येऊन बसतात. दोनेक महिन्यांनी अण्णा तपासणीला आले ते दारातच थबकले. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "अक्का, ही साडी नेसून पेशंटसमोर येता? त्यांना आजार कमी आहेत का?"

मी हसायला लागले आणि मला हसू आवरेना. माझ्या हातात त्यांचा रिपोर्ट होता. मी तो आधीच वाचला होता. विषाणू परत आला होता. शेजाऱ्यांनी दारं उघडली ती त्यालाही उघडी झाली होती.

त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "येऊ दे. बऱ्याच वर्षांची ओळख आहे." सरोजा त्यांच्या मागं उभी होती. रुग्णालयात ती माझ्याशी पुन्हा कधीच बोलली नाही. अण्णा पुढं कित्येक वर्षं तपासणीला येत राहिले, ती सोबत यायची, बाकावर बसायची, मी दिसले की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची.

ती वर्षं अण्णांनी मजेत काढली असं मी म्हणेन. दुकानात गेले, मुलीचं लग्न केलं, मला आमंत्रण दिलं. मी गेले नाही; ड्यूटी आहे असं सांगितलं. मग पोटात पाणी व्हायला लागलं. पाय सुजले. डोळ्यांत तो पिवळा रंग आला, जो बघून मला न सांगता सगळं कळतं. कधीकधी त्यांना दिवस कुठला ते आठवायचं नाही. वॉर्डात पडल्या पडल्या पलंगाची चादर उलगडून दाखवायचे. कुणाला, ते माहीत नाही. "हा रंग राहतो, धुतला तरी," असं म्हणायचे.

आणि त्याच सुमारास नव्या गोळ्या आल्या. नुसत्या गोळ्या. सुई नाही, ताप नाही, मन अंधारत नाही. थोडे महिने रोज घ्यायच्या आणि बहुतेक सगळे बरे. माझ्या खोलीसमोरचे बाक बघता बघता रिकामे झाले. माझा फ्रीज लसींच्या खोलीत गेला. जी कला मी एवढ्या तोऱ्यात मिरवली ती कुणाला नको होती. पोटाची चिमूट किती धरायची, सुई कुठल्या कोनात, कुणाला आधी हसवायचं आणि कुणाला नंतर, हे सगळं एका पाकिटानं मोडीत काढलं. चांगलंच झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी चिडले होते, कुणावर ते सांगता येत नाही. अण्णांनाही त्या गोळ्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, तरी देऊ. तपासणीत विषाणू निघून गेला होता. अण्णा त्याच्या मागोमाग गेले. वण पडलेल्या लिव्हरला ही बातमी पोचलीच नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. करोनात इंटरफेरॉनचं नाव पुन्हा कानावर आलं. काही माणसांचं शरीर आपल्याच आरोळीला वैरी समजून वाटेतच दाबून टाकतं, आणि अशांना तो आजार फार जड जातो, असं वाचलं. सून म्हणाली, "आई, सतत आजारांचं वाचू नका."

हे सगळं लिहायचं तर विचारायला हवं, म्हणून मागच्या पंधरवड्यात मी मेट्रोनं मल्लेश्वरमला गेले. सरोजा तिथं मुलीकडे राहते. दार तिनंच उघडलं. केस पिकलेत, चष्मा जाड झालाय. तिनं मला ओळखलं आणि आत या असं तोंडानं न म्हणता बाजूला झाली.

मी काय लिहिणार ते सांगितलं. जिन्याजवळचंही लिहिणार म्हटलं.

"नाव बदला," ती म्हणाली. "पण धंदा बदलू नका. साड्यांचाच ठेवा."

"बरं."

खाली रस्त्यावर फुलं विकणारी कुणाशी तरी घासाघीस करत होती. मी जे विचारायला आले होते ते लेखाच्या परवानगीमागं लपवलं होतं, आणि ते माझ्या तोंडून काही निघेना. तिनंच सुरू केलं.

"त्यानंतरची वर्षं ते खूप बोलले," ती म्हणाली. "इतके बोलायचे की कधी वाटायचं, जरा गप्प बसा. मुलीच्या लग्नात वऱ्हाडातल्या प्रत्येक बाईची साडी त्यांनी ओळखून दाखवली. जेवायचं सोडून."

"सरोजाक्का, मी त्या दिवशी..."

"ऐका. मिळाली त्या वर्षांसाठी मी रोज तुमचं नाव घेते. मिळाली नाहीत त्यांच्यासाठीही तुमचंच घेते. दिवा लावताना दोन्ही एकदमच होतं. त्यातलं एक वेगळं काढता येत नाही मला. पुष्कळदा बघितलं काढून."

मी मान हलवली.

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, फिल्टर कॉफीचा वास आला. आतूनच तिनं विचारलं, "अक्का, साखर घालू?"

मला साखर बंद होऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, "घाल." तिनं चांगली दोन चमचे घातली होती. मी तळापर्यंत सगळी प्यायले.